ढ रांग, जागा चौदा

तीर्थरूप ताईच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला आहे, म्हणून तूर्त खुर्चीत बसूनच घातला, पुरता घातला असं समजावं.)

हे पत्र घेऊन तुझ्या दारात जो धिप्पाड माणूस उभा आहे त्याला भिऊ नकोस. दिसतो दरोडेखोरासारखा, पण तो तुमच्याकडे येणाऱ्या बसचा कंडक्टर आहे आणि माझा शेजारी आहे (घराचा नव्हे, कुठला ते पुढे येईलच). त्याला आधी आत घे, बसायला भक्कम खुर्ची दे आणि चहा दे. चहा पिता पिता तो रडायला लागला तर काही विचारू नकोस, त्याला एखादं कडवं आठवलं असेल, आपोआप थांबतो. फोन बंद, इंटरनेट बंद, आणि टपाल चालू असलं तरी आपली पाकिटं आपल्या माणसाआधी दुसरंच कुणीतरी वाचतं, म्हणून ही हातोहात व्यवस्था केली. पत्र लांबलं आहे. मला थोडक्यात लिहिण्याचा पगार मिळतो, त्यामुळे घरी मी थोडक्यात लिहीत नाही.

तुझी प्रकृती कशी आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस, की सूनबाईने आठवण केली म्हणून मुद्दाम घेत नाहीस? भाचा घरी असतो का, आणि असला तर बोलतो का? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की मागची खोली आता कायमची तुलाच दिली आहे, तिथे वारा छान येतो, मी मजेत आहे, माझी काळजी करू नकोस. वाचून बरं वाटलं. मीही मजेत आहे, माझीही काळजी करू नकोस. मला अजिबात एकटं वगैरे वाटत नाही. सकाळी उठलो की रेडिओ लावतो. रेडिओवर गेले दोन महिने निवेदनांशिवाय काही नसतं, पण निवेदक आवाजाने सभ्य वाटतो. तो म्हणतो नागरिकांनी घरातच राहावं, मी म्हणतो बरं, असं आमचं चाललेलं असतं. चहा अजून दोन कपच टाकला जातो. तीन वर्षं झाली तुझी भावजय जाऊन, पण हाताला कोण सांगणार? एक गरम पितो आणि दुसरा गार झाल्यावर पितो, म्हणजे वाया काही जात नाही. कानांचं विचारलं होतंस, तर कान ठणठणीत आहेत. दोन्ही. (डावासुद्धा. मी नऊ वर्षांचा असताना तुझ्या शाईची दौत सांडली म्हणून ज्याच्यावर तू सणसणीत वाजवली होतीस, आणि जी वाजवलीच नाही असं तू गेली अठ्ठेचाळीस वर्षं चारचौघांत सांगत आली आहेस, तो. असो. जुनं उकरून काढायला हे पत्र लिहीत नाही.)

इथल्या परिस्थितीबद्दल तुला जितकं माहीत असेल तितकंच मला आहे. दोन माणसं आहेत आणि दोघंही म्हणतात सरकार म्हणजे मीच. एक सचिवालयाच्या आत बसला आहे आणि दुसरा बोटीत बसून देशाबाहेर गेला आहे. आम्ही आतल्याचे नोकर, कारण आमची टेबलं आत आहेत. सभाबंदी लागू आहे, संध्याकाळी सातनंतर संचारबंदी आहे, आणि सभांना बंदी असल्यामुळे सभा फार वाढल्या आहेत. सभा वाढल्या म्हणून आमच्या वृत्त विभागाला बाहेरचं काम लागलं. आजवर मी सभागृहात बसून भाषणं लघुलिपीत उतरवत होतो. आता चौकात उभं राहून उतरवायची. रेकॉर्डिंगचं यंत्र लोक हिसकावतात, वहीला कुणी हात लावत नाही. आमचे साहेब (खासगीत त्यांना आम्ही पूर्णविराम म्हणतो, कारण ते आले की सगळ्यांची वाक्यं संपतात) मला म्हणाले, निवृत्तीला सात महिने उरलेत, तुमच्याकडे कोण संशयाने बघणार, तुम्हीच जा. या वाक्यातला अपमान मला चौथ्या जिन्यावर लक्षात आला.

आता झालं काय, मला पाठवलं होतं उत्तर दरवाज्यावरच्या विरोधकांच्या सभेला. तिथे अडथळे लावलेले. शिपायाने मला मागून वळसा घालायला लावलं आणि मी टपाल कचेरीसमोरच्या चौकात येऊन पोचलो. समोर तीनेकशे माणसं रांगा धरून उभी, सगळ्यांच्या तोंडून एकच गोष्ट एका सुरात चाललेली. गर्दी दिसली, आवाज आला, मी वही उघडली. तू म्हणशील, गाढवा, गाणं कळत नाही का? ताई, लघुलेखकाच्या कानातून शब्द थेट हातात जातो, वाटेत डोकं लागत नाही. ज्याचं लागतं तो मागे पडतो. तुझी भावजय माझ्याच विभागातली, तिला हे ठाऊक होतं. ती म्हणायची, तुमच्यासमोर कुणी तुमच्याच मरणाची बातमी वाचली तरी तुम्ही बिनचूक उतरवून घ्याल आणि खाली कंसात (शांतता) असं लिहाल. थट्टा करायची. पण डॉक्टरांनी तिच्या दुखण्याचं नाव सांगितलं ना, ते मी खरंच उतरवून घेतलं होतं. दवाखान्यातून बाहेर आल्यावर कळलं, हातात वही आहे. ती वही घरी आहे. माझी लघुलिपी म्हणजे अर्धी पुस्तकातली आणि अर्धी आम्ही दोघांनी मिळून केलेली. ती वाचणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते दुधाच्या पिशवीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांना त्याच लिपीत उत्तरं द्यायचं.

तर मी ते सगळं उतरवलं, कचेरीत येऊन नमुन्यानुसार टंकलं आणि वर पाठवलं. सभेत पुढील मागण्या करण्यात आल्या. एक, खिडकी उघड, मी खाली उभी आहे (अकरा वेळा). दोन, तू बोलत का नाहीस (आठ वेळा). तीन, मला फक्त पाच मिनिटं दे. चार, गेलास तसा परत ये (प्रचंड टाळ्या, काहींच्या डोळ्यांत पाणी). वक्त्याचं नाव कळलं नाही, कारण सगळेच वक्ते. इतकं स्वच्छ वृत्त गेल्या दहा वर्षांत माझ्या हातून गेलं नव्हतं. सभागृहातली माणसं कधी एक वाक्य धड पूर्ण करत नाहीत.

आणि काय सांगू ताई, आमच्या सरकारने एकतीस वर्षांत कुठल्या मागणीला उत्तर दिलेलं मी पाहिलं नव्हतं, या चारांना चार दिवसांत दिलं! बांधकाम खात्याने कळवलं की दर्शनी बाजूच्या खिडक्या सुरक्षेच्या कारणास्तव कायमच्या बंद केल्या असून उघडता येणार नाहीत, मात्र मागणीचा पुढच्या वर्षी विचार होईल. प्रसिद्धी खात्याने कळवलं की आम्ही बोलत नाही हे साफ खोटं आहे, प्रवक्ते रोज सकाळी अकरा वाजता बोलतात. तिसरीवर खुद्द उपसचिवांचा शेरा आला: तिघांच्या शिष्टमंडळास गुरुवारी दुपारी तीन दहाला पाच मिनिटं देण्यात येत आहेत. आणि चौथी मागणी लाल फितीत बांधून गुप्त विभागाकडे गेली, कारण गेलास तसा परत ये म्हणजे कोण, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. एक माणूस बोटीतून गेलेला आहेच.

तोवर मला खरी गोष्ट कळली होती, पण वर गेलेला कागद खाली ओढायची सोय कुठल्याच खात्यात नसते. खरी गोष्ट अशी. एक गायिका आहे. (तू ऐकली असशील, सूनबाई स्वयंपाकघरात लावते म्हणून तू दार लावून घेतेस ती.) तिचा मोठ्या मैदानावर कार्यक्रम व्हायचा होता, तिकिटं महिनाभर आधी संपलेली, आणि सभाबंदीत तो रद्द झाला. मैदानावर आता रणगाडे उभे आहेत. तर या लोकांनी ठरवलं की ती नाही तर नाही, गाणी आपल्याला पाठ आहेत, कार्यक्रम आपणच करायचा, रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा, टपाल कचेरीसमोर. आणि उभं कसं राहायचं, तर तिकिटावर जी रांग आणि जी जागा छापली आहे तसंच. महागड्या तिकिटवाले पुढे, बाकीचे मागे. मी म्हटलं, मैदानच नाही तर रांगा कशाला? तर म्हणे मग आपलं आपलं माणूस सापडणार कसं? एखादी जागा रिकामी दिसली की त्या माणसाचं काय झालं याची चौकशी लगेच सुरू होते. ही हजेरी आमच्या कचेरीतल्या हजेरीपेक्षा कडक आहे.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन मागे उभा होतो, तर एक बाई वळून म्हणाली, काका, तुमचं तिकीट कुठलं? पस्तिशीची असेल, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मी उगीच खिसे चाचपले. तिने वहीकडे पाहिलं, आणि तिला वाटलं मी गाणी उतरवून घेतो आहे, पाठ करायला. या वयात! ती विरघळलीच. म्हणाली माझ्या शेजारची जागा मोकळी आहे, या. तिने दोन तिकिटं घेतली होती. कुणासाठी, तर कुणासाठीच नाही. दोन घेतली की बरोबर यायला कुणीतरी मिळेलच असं वाटलं, ती म्हणाली, आणि मग नाही मिळालं. हे ती हसत हसत बोलली. तर अशी मला जागा मिळाली: ढ रांग, जागा चौदा. (हशा.) हस, हस. आपल्या गुरुजींनी चौथीत मला ढ म्हणून शेवटच्या बाकावर बसवलं होतं, त्यांचा शब्द सरकारने पन्नास वर्षांनी छापून दिला. तेरावर कंडक्टर, पंधरावर नर्सबाई, मध्ये मी. मी कोण आहे, कुणी पाठवलं आहे, हे मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. जागा जाईल अशी भीती वाटली. एवढंच कारण आहे, दुसरं काही शोधू नकोस.

मला ती गाणी आवडत नाहीत हे स्पष्ट करतो. अर्थ बेताचा, यमकं ओढूनताणून. पण उभं राहायचं तर हातवारे करावे लागतात. खिडकी म्हटलं की दोन्ही हात बाहेर उघडायचे. पहिल्या दिवशी मी कंडक्टरच्या नाकावर उघडले. तो आधीच रडत होता म्हणून फरक कळला नाही. प्रत्येकाच्या हातात निळा दिवा लागतो. माझ्याकडे घरातला जुना टॉर्च, तर नर्सबाईने त्याच्यावर दवाखान्यातला निळा रबरी हातमोजा चढवला. आता अंधारून आलं की माझ्या हातात एक निळा पंजा लटकतो, बोटं हलतात, पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळतात. हसून हसून माझा श्वास कोंडला एकदा. ताई, मला आठवेना की याआधी मी कधी हसलो होतो. घरी आल्यावर आठवायला बसलो, तरी आठवेना.

आणि दोन गाण्यांच्या मध्ये माणसं बोलतात. कुणाच्या भावाला उचललं, कुठल्या दुकानात पीठ आलं आहे, दवाखान्यात काल कशाने जखमी झालेले आणले, कुठल्या रस्त्यावर बस अडवून कुणाला उतरवलं. आतल्या सरकारबद्दल कंडक्टर जे बोलतो ते मी इथे लिहीत नाही, सूनबाई वाचेल. पण वहीत लिहिलं. सवय! ताई, हात थांबतच नाही. तेरा क्रमांक असं म्हणाला, पंधरा तसं म्हणाली, सोळाने मान हलवली. शब्दन् शब्द. आणि नियम असा की वही रोज संध्याकाळी सहा पन्नासला कपाटात जमा करायची, साहेब कुलूप लावतात. म्हणजे ज्या माणसांनी मला उभं राहायला जागा दिली, त्यांना आत टाकायला पुरेल एवढा मजकूर मी रोज नेऊन सरकारी कपाटात ठेवत होतो. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी त्याचा विचार करत नव्हतो. वाटेत डोकं लागत नव्हतं.

मग आला गुरुवार. शिष्टमंडळ म्हणून नर्सबाई आणि कंडक्टर, तिसरी पुढच्या रांगेतली एक शिवणकामवाली, तिला मैदानाच्या परवानगीचा अर्ज करायचा होता. वृत्त घ्यायला मी, कोपऱ्यातल्या स्टुलावर. त्या दोघांना मी डोळ्यांनीच खुणावलं. त्यांना वाटलं, मी आधीच येऊन बसलो, काय हा माणूस हौशी! उपसचिवांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि एकदम चौथ्या मागणीलाच हात घातला. परत कुणी यायचं? कंडक्टर म्हणाला, साहेब, तिचा तो. उपसचिव म्हणाले, तो गेला कसा? कंडक्टर म्हणाला, बोटीतून, दुसऱ्या कडव्यात. उपसचिवांचा चेहरा पांढराफटक पडला. बोट कुठल्या धक्क्यावरून सुटली? गाण्यात धक्का नाही साहेब, नुसतं पाणी आहे. आणि विश्वास बसावा म्हणून त्याने ते कडवं म्हणूनच दाखवलं. बसमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तो! धृपदाला दारातला शिपाई नकळत त्याच्या सुरात मिसळला आणि बाहेरच्या टंकलेखिकांपैकी कुणीतरी खिडकी म्हणताच दोन्ही हात उघडले, ते काचेतून दिसलं.  उपसचिवांची पक्की खात्री झाली की हा कट कचेरीच्या आतपर्यंत पोचला आहे.

पाच मिनिटं संपली. उपसचिव घड्याळ उचलत माझ्याकडे वळून म्हणाले, यांच्या रांगा आणि जागा तिकिटावर आहेत ना, मग नावं सापडतील. ढ रांगेत कोण काय बोललं ते तुमच्या वह्यांमधून टंकून सोमवारी माझ्या टेबलावर ठेवा. कंडक्टरला आधी कळलंच नाही. नर्सबाईला कळलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी एकतीस वर्षं (शांतता) लिहीत आलो आहे, पण ती कशी असते ते मला त्या खोलीत समजलं. जिन्यात मी तिला गाठून सगळं सांगितलं, की मी कोण, वह्या कुठे जातात. ती म्हणाली, बरं. मी रेडिओला म्हणतो ना, तसं.

शुक्रवारी गेलो नाही. शनिवारी गेलो नाही. पाच वाजले की वाऱ्यावर लांबून गाणं येतं, खिडकी लावून घेतली तरी येतं. मी टेबलाशी बसून सगळी गाणी म्हटली, हळू आवाजात, हातवाऱ्यांसकट. एकट्याने हात उघडले की भिंतीला लागतात. मग गार चहा प्यायलो आणि झोपलो. तुला सांगतो, तुझी भावजय गेली त्या आठवड्यातही घर एवढं मोठं वाटलं नव्हतं.

रविवारी दुपारी दार वाजलं. माझं दार वाजतं कुठे! मी आधी शेजाऱ्यांचं समजून बसूनच राहिलो. तर कंडक्टर. दारातून आडवा होऊन आत आला, खुर्चीत बसला (म्हणून भक्कम खुर्ची म्हटलं, माझी गेली), आणि खिशातून नवा निळा हातमोजा काढून टेबलावर ठेवला. नर्सबाईने पाठवला होता. निरोप असा की चौदा रिकामी आहे आणि लोक चौकशी करून डोकं खातात, तेव्हा काय ते स्वतः येऊन सांगा. मग तो रडला. मीही, थोडासा. मग त्याने डोळे पुसून एक प्रश्न विचारला, जो एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी कुणालाच सुचला नव्हता: ते तुमचं वाकडंतिकडं लिहिलेलं तुमच्याशिवाय कुणाला वाचता येतं का हो? मी म्हटलं, एकीला येत होतं.

आज सोमवारी मी आमच्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो आणि जे सांगायचं ते सांगितलं. ते असं की त्यांचंही वाक्य पहिल्यांदाच अर्धं राहिलं. संध्याकाळी चौदावर जाऊन उभा राहिलो. कुणी काही विचारलं नाही, नर्सबाईने फक्त टॉर्चचा मोजा नीट केला. बाकी सर्व क्षेम. तू गोळी वेळेवर घे. काळजीचं काही कारण नाही. सूनबाईस आशीर्वाद, भाच्याला दिसला तर आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क.: साहेबांना मी काय सांगितलं ते लिहायचं राहिलं. मी सांगितलं की मला ऐकू येत नाही. डावा कान लहानपणापासून गेलेला आहे, उजवाही त्याच्या सोबतीने हळूहळू गेला. एवढी वर्षं लोकांचे ओठ पाहून आणि कालच्या भाषणावरून आजचं ताडून लिहीत आलो, राजकारण्यांच्या बाबतीत चूक होत नाही. पण चौकात माणसं काय बोलली याची हमी देता येत नाही, तेव्हा त्या वह्यांत लिहिलेलं सगळं एका बहिऱ्याच्या मनचं आहे, आणि वाचता येणाराही तोच बहिरा आहे. पुरावा म्हणून त्यांची किंमत शून्य. गुरुवारी अकरा वाजता चौकशी समिती बसते आहे. माझी नोकरी जाईल तर जाईल, सात महिने काय आणि सात दिवस काय! पण कान लहानपणीच गेल्याचा दाखला हवा, आणि तो मला लहानपणी ओळखणाऱ्या जिवंत माणसाचाच हवा. असं माणूस जगात एकच उरलं आहे, आणि ते आत्ता कंडक्टरला चहा देत असेल.

ता. क. दुसरा: तेव्हा आता रागावू नकोस आणि साध्या कागदावर सुवाच्य अक्षरांत लिही, की शाईच्या दौतीवरून मी माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या कानाखाली वाजवली आणि तेव्हापासून त्याला ऐकू येत नाही. पहिलं वाक्य खरं आहे, त्याच्या जोरावर दुसरं खपेल. अठ्ठेचाळीस वर्षं नाही म्हणालीस, आता एकदा हो म्हण. रांगेतली सगळी माणसं त्या एका थोबाडीतीवर सुटतील. इतकी उपयोगी थोबाडीत आपल्या घराण्यात आजवर कुणी मारलेली नाही. डावा कान लिही हं. उजव्याने मी फोन घ्यायचो, ते साहेबांनी पाहिलं आहे.

ता. क. तिसरा: ढ रांगेतली सोळावी जागा रिकामी झाली आहे. तिथला चष्मेवाला मुलाकडे सीमेपलीकडे गेला, तिकीट नर्सबाईकडे देऊन गेला. मागच्या खोलीत वारा छान येतो हे वाक्य तू सहा वर्षांत एकवीस पत्रांत लिहिलं आहेस. (काल सगळी काढून मोजली. रविवारी दुसरं काम काय.) ताई, गुरुवारी मी समितीपुढे बहिरा आहे, तुझ्यापुढे नाही. ते वाक्य लिहून झाल्यावर तू किती वेळ नुसती बसलेली असतेस, ते मला इथे ऐकू येतं. कंडक्टर बुधवारी सकाळी सातला परत निघतो. दाखला त्याच्या हाती पाठवलास तरी चालेल, पण समितीला लिहिणारीच समोर दिसली तर बरं पडेल, आणि समितीचं जाऊ दे, मलाही बरं पडेल. गुडघ्याचा पट्टा आण, दीड तास उभं राहावं लागतं. हातमोजा इथे मिळतो. चहा मी दोन कप टाकतोच आहे, तुझ्यासाठी वेगळं काही करावं लागणार नाही.